सोबत कोण आहे? बेळगाव की जर्मनी, या प्रश्नाला एका नर्सचं उत्तर

प्रश्न एका धाकट्या सहकारिणीचा आहे. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात ती नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. नवरा उद्यमबागेत सीएनसी मशीनवर, मुलगी सहा वर्षांची, घरी सासूबाई. तिला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलकडून नोकरीचं पत्र आलंय, महिना ३,२०० युरोचं. तिनं विचारलं, "अक्का, तुम्ही आठ वर्षं तिथं राहून आलात. खरं सांगा, कुठलं जगणं चांगलं? तिथलं का इथलं?"

मी २०१६ साली गेले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात परत आले. आठही वर्षं स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात, मेडिसिन वॉर्डात काढली. आता टिळकवाडीत संध्याकाळी नर्सना जर्मन शिकवते आणि जाणाऱ्यांचे कागद तपासून देते. त्यामुळं सांगण्यासारखं बरंच आहे, निवांत बसून वाच.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात जर्मनी पाचवा आहे, भारत १३० वा. हा फरक खोटा नाही, मी तो रोज हाताळलाय. पण तुझं घर चार माणसांचं आहे आणि या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं. कमावत्याचं एक, पोरीचं दुसरं, म्हाताऱ्या माणसाचं अगदीच उलटं. चौघांची सरासरी काढून निर्णय घेतलेली घरं मी बघितलीत. त्यातलं कुणी ना कुणी दोन वर्षांत कोलमडतं, आणि बहुतेक वेळा ते कमावतं माणूस नसतं.

दवाखान्यापासूनच सुरू करते, कारण ते तुझं-माझं घर. आपल्याकडं पेशंट स्ट्रेचरवरून आत आला की पहिला प्रश्न काय? "सोबत कोण आहे?" औषधं आणायला, पैसे भरायला, रक्ताची पिशवी धरून पळायला, रात्री खाली चटई टाकून झोपायला माणूस लागतं. चंदगडवरून आलेला असो नाहीतर खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून, सोबत चार माणसं असतातच. जर्मनीत गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी एका आजोबांना भरती करून घेत होते. वय ८४. सवयीनं मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, तुमच्यासोबत कोण आहे? त्यांनी दाराकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "कुणी नाही." त्यात दुःख नव्हतं, तक्रार नव्हती. रक्तगट सांगावा तसं सांगितलं. माझी सीनियर मला बाजूला घेऊन म्हणाली, असं विचारायचं नसतं, विम्याचं कार्ड माग आणि कळवायचं कुणाला तो नंबर लिहून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या आजोबांना मीच अंघोळ घातली. गरम पाण्याचं घमेलं, दोन टॉवेल, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या. दाढी केली, दातांची कवळी धुऊन बसवली, पावाचे तुकडे करून भरवले. बेळगावात नऊ वर्षं मी सलाईन लावलं, कॅथेटर घातलं, मोठमोठी ड्रेसिंगं केली, पण अंघोळ घालणं हे पेशंटकडच्यांचं नाहीतर आयाचं काम होतं. तिथं ते नर्सचं काम आहे, रोजचं आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं. आपल्याकडच्या बीएस्सी झालेल्या मुली पहिल्या महिन्यात इथंच रडतात, "यासाठी शिकलो का?" म्हणतात. मला स्वतःला समजायला सहा महिने लागले. अंघोळ घालताना पाठीवरची लालसर जागा दिसते, पायाची सूज हाताला लागते, माणूस बोलायला लागतं. मी आजही मानते की मला नर्सिंग त्या घमेल्यापाशी कळलं. पण तुझी याला तयारी नसेल तर पगार कितीही असो, जाऊ नकोस.

फेब्रुवारी २०१९ मधली एक रात्र सांगते, कारण तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिच्यात आहेत. मी नाईटला होते. तिकडं पहाटेचे तीन, आपल्याकडं सकाळचे साडेसात. भावाचा फोन आला, वडिलांना रक्ताची उलटी झालीय, दवाखान्यात आणलंय, चार पिशव्या रक्त लागणार. मी हजारो मैलांवर, वॉर्डात तीन बेल एकदम वाजत होत्या. तासाभरानं परत फोन केला तर भाऊ म्हणाला, रक्ताचं झालं, गल्लीतल्या मंडळाची सात पोरं ब्लड बँकेत जाऊन बसलीत. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या होत्या, एक रिक्षावाला दिवसभर दवाखान्याच्या दारात थांबून होता. त्यातल्या दोघांशी आमचं घर त्याआधी वर्षभर बोलत नव्हतं. हे बेळगाव आहे.

पण त्याच सकाळी दाखल करून घेतानाच पन्नास हजार भरायला सांगितले होते. आमचं कार्ड एपीएल. कर्नाटकाच्या आरोग्य योजनेत बीपीएल घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्केच. आईनं पाटल्या काढून दिल्या, भावानं त्या सोसायटीत गहाण ठेवल्या. माझे पैसे पोचायला दोन दिवस लागले. हेही बेळगावच आहे. आणि इकडं माझ्या वॉर्डातल्या पेशंटांना, मग तो बसचा ड्रायव्हर असो नाहीतर बँकेचा मॅनेजर, हॉस्पिटलचे दिवसाला १० युरो, तेही वर्षात फार तर २८ दिवसांचे, एवढंच स्वतःच्या खिशातून भरायचं होतं. बाकी सगळं विमा भरतो. त्या आजोबांसाठी कुणाला पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या नाहीत, आणि कुणी रक्तही द्यायला आलं नाही.

आता तुझ्या पत्रातले ३,२०० युरो. त्याला शंभरानं गुणू नकोस. सगळे तिथंच फसतात, "तीन लाख वीस हजार" म्हणत गल्लीभर पेढे वाटतात. २०२५ च्या दरांनी हिशेब सांगते. पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, आरोग्य विम्याला साधारण साडेआठ, सेवाशुश्रूषा विम्याला १.८ टक्के असे पगारातून कापून जातात, आणि जवळपास तेवढेच मालक आपल्या बाजूनं भरतो. वर आयकर. एकटी असशील तर हातात २,१५० ते २,२०० येतील. नवरा तिकडं येऊन घरी असेल आणि कराचा वर्ग तीन घेतलास तर २,४५० च्या आसपास. मुलीसाठी सरकार २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो देत होतं, ते आई-बापाच्या खात्यात येतात, गरीब-श्रीमंत सगळ्यांना. म्हणजे २,७०० धर.

यातले हजार-अकराशे भाड्याला जातील. घराच्या जाहिरातीत 'थंड भाडं' लिहिलेलं असतं, त्यात हीटिंग, पाणी, कचरा मिळवला की 'गरम भाडं' होतं, ते विचारून घे. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत घेऊ शकतात. आणि घर बघायला गेलीस की स्वयंपाकघरात भिंतीतून निघालेले नळ नि वायरी दिसतील, बाकी काही नाही. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचकटून घेऊन गेलेला असतो. मी पहिले तीन आठवडे न्हाणीघरातल्या बेसिनवर तांदूळ धुतले. किराणा पाचशे, रेल्वे-बसचा महिन्याचा पास दोघांचा शंभरावर, वीज, इंटरनेट, मुलीचं शाळेनंतरचं सांभाळणं आणि जेवण, रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोची सक्तीची फी. वर्षाला एकदा तिघांनी गावी यायचं म्हटलं तर तिकिटांचे महिन्याला दोनशे बाजूला काढावे लागतात. उरतील तीन-चारशे. म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये. वाईट नाही, पण तुझ्या सासरी ज्या गप्पा चालल्यात त्या प्लॉट घ्यायच्या आहेत, आणि पहिल्या तीन वर्षांत प्लॉट निघत नाही. पहिलं वर्ष तर आणखी तंग, कारण तुझ्या शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे परीक्षा किंवा जुळवणीचा कोर्स होईपर्यंत, सहायक म्हणून कमी पगारावर ठेवतात. ३,२०० कधीपासून ते पत्रात नीट वाच.

पैशापेक्षा मला तिथं मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच. आजारी पडायची भीती नव्हती. डॉक्टरनं चिठ्ठी दिली की सहा आठवडे पूर्ण पगार, त्यानंतर विम्याकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के, एका आजाराला तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. मूल आजारी पडलं तर आई-बाप प्रत्येकाला वर्षाला १५ दिवस, २०२५ च्या नियमानं. सरकारी करार लागू असलेल्या हॉस्पिटलांत वर्षाला ३० दिवस रजा असते, आणि रजा मागताना खाली मान घालावी लागत नाही. आपल्याकडं कायदा नाही असं नाही. ईएसआय या कामगार विम्यातही आजारपणाला ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवस. पण पगार २१,००० च्या वर गेला की तू त्यातून बाहेर, आणि त्याच्या आत असलेल्या किती मुलींचं नाव मालकानं खरंच लावलंय, ते तुझ्याच वॉर्डात विचारून बघ.

एक गोष्ट मात्र आपल्याकडं निश्चित चांगली आहे, आणि जर्मनीचं कौतुक करणारे ती सांगत नाहीत. आज संध्याकाळी गुडघा दुखला तर बेळगावात पाच-सहाशे रुपयांत हाडांचा डॉक्टर आजच भेटतो, उद्या एमआरआय होतो. तिथं आधी फॅमिली डॉक्टर, मग स्पेशालिस्टची तारीख, ती सहा आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनी. जिवावरचं असेल तर ११२ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते आणि कुणी डिपॉझिट मागत नाही. पण जिवावरचं नसलेलं दुखणं तिथं खूप दिवस सोसावं लागतं.

तुझ्या मिस्टरांचं थोडक्यात. कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला तिथं कामाची पूर्ण मोकळीक असते. उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप्समधून गेलेल्या माणसाच्या हाताला स्टुटगार्टच्या भागात काम आहे, तो सगळा मुलूखच मशीन आणि मोटारींचा. पण ड्रॉइंग वाचता आलं तरी सुपरवायझर काय बोलतो ते कळलं पाहिजे. भाषेविना गेलेले नवरे मी बघितलेत. इथं मशीनवर ज्याचा शब्द चालायचा तो तिथं दीड वर्ष पोरीला शाळेत सोडणं-आणणं करतो, गोदामात खोकी उचलतो, आणि हळूहळू घरात बोलायचा बंद होतो. त्यांनी तुझ्याबरोबर आजपासून क्लासला बसावं. तू जर्मनची बी२ पातळी करशील तोवर त्यांची ए२, म्हणजे सुरुवातीची पातळी, झालीच पाहिजे.

मुलीचं सांगते, जरा सविस्तर. सहाव्या वर्षी तिथं शाळा सक्तीची, घरी शिकवणं चालत नाही. सरकारी शाळेला फी नाही, विद्यापीठातही बहुतेक ठिकाणी नाही. पोरं दप्तर पाठीला लावून एकटी चालत शाळेला जातात, रस्ता ओलांडताना गाडी थांबते. आपल्या रेल्वे गेटांपाशी पोराचा हात घट्ट धरून उभं राहणाऱ्या आईला हे बघून भरून येतं, मलाही आलं होतं. नळाचं पाणी ती तसंच पिईल. आपल्याकडं २००८ पासून काही भागांत चोवीस तास पाणी आलं, पण अजून किती घरांत 'पाणी आलं का' हा प्रश्न दिवसाची सुरुवात ठरवतो, ते तुला माहीत आहे.

पण स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गसह बहुतेक राज्यांत चौथीनंतर पोरांची वाट वेगळी होते. अभ्यासात पुढं असलेली एका शाळेत, मधली दुसरीकडं, बाकीची तिसरीकडं. नंतर बदलता येतं, सोपं नसतं. तुझी मुलगी सहाव्या वर्षी गेली तर तिच्या हातात चार वर्षं आहेत, ती जर्मन बोलायला सहा महिन्यांत लागेल आणि चौथीपर्यंत वर्गाच्या बरोबर येईल. दोन वर्षं थांबून "सगळं नीट लागल्यावर नेऊ" म्हणालीस तर ती आठव्या वर्षी येईल आणि दोनच वर्षांच्या तयारीवर तिची वाट ठरेल. हुशार पोरं केवळ उशिरा आणल्यामुळं मागं पडलेली मी बघितलीत. नेणार असशील तर लवकर ने.

आणि तुझी मॉर्निंग शिफ्ट सहाला सुरू होते, शाळा आठच्या सुमाराला. मधले दोन तास मुलगी कुणाकडं? दुपारी शाळा सुटते, तुझी सेकंड शिफ्ट नऊपर्यंत. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याचा कायद्यानं हक्क लागू होतोय, पण पहाटे सहा आणि रात्री नऊ त्यात नाहीत. आज हे सगळं तुझ्या सासूबाई करतात. त्यांनी वेणी घातली, डबा भरला, रिक्षात बसवलं. याचा पगार तुझ्या हिशेबाच्या कागदावर कुठंच लिहिलेला नाही. तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात तो आकडा दिसतो.

म्हणून आता सासूबाई. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्यापाशी आहे, आणि त्यांना अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

कायदा सांगते. ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना १ मार्च २०२४ नंतर मिळाला, त्यांना आता आई-वडिलांना नेता येतं, आणि जोडीदार तिथं कायमचा राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही. वाचायला छान वाटतं. पण त्यांच्या खर्चाची आणि आरोग्य विम्याची खात्री द्यावी लागते. सत्तरीच्या माणसाला तिथला सरकारी विमा घेत नाही, खासगीचा हप्ता तुझ्या पगाराला झेपत नाही. मी ज्यांचे कागद बघितले त्यातल्या कुणालाच हे जमलेलं नाही. उरतो तीन महिन्यांचा व्हिसा.

माझी आई त्या व्हिसावर आली होती. तिसरा मजला, समोर तीन लिंडनची झाडं, खाली बसथांबा. पहिला आठवडा ती खूश होती. गरम पाणी चोवीस तास, रस्ते लख्ख, धूळ नाही. आमच्या बिल्डिंगीत जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरत असे, ती पाळी तिनं आनंदानं केली. तिसऱ्या आठवड्यात मी ड्युटीवरून आले तर ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेली. म्हणाली, "दिवसभरात खालून एकेचाळीस माणसं गेली. एकानंही वर बघितलं नाही." ती रडली नाही. तिनं मोजलं होतं. बेळगावात तिचा दिवस दारातच जायचा. भाजीवाली, दूधवाला, शेजारीण, कपिलेश्वराला जाताना भेटणाऱ्या चारजणी. परत गेल्यावर तिची गुडघेदुखीही कमी झाली म्हणाली, आणि मी नर्स असून ते खरं मानते.

कर्नाटकानं बायकांना बसप्रवास मोफत केला तेव्हापासून, म्हणजे ११ जून २०२३ पासून, तुझ्या सासूबाई आधार दाखवून सरकारी बसनं फुकट फिरतात. खानापूरला बहिणीकडं, सौंदत्तीला यल्लम्माला, भजनाला. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार त्यांच्या नावावर असतील तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात स्वतःचा पैसा आलाय. जर्मनीतल्या कुठल्याही योजनेपेक्षा हे त्यांच्या जगण्यात जास्त मोठं आहे. तू गेलीस की त्या एकट्या पडतात, नेलीस की मुक्या होतात. आणि तिकडची म्हातारी माणसंही सुखात आहेत असं समजू नकोस. वृद्धाश्रमात पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे तीन हजार युरो स्वतःच्या खिशातून जातात, कारण १९९५ साली आलेला तो सेवाशुश्रूषा विमा खर्चाचा एक भागच उचलतो. आयुष्यभराची बचत दोन-तीन वर्षांत संपवून सरकारी मदतीवर आलेले मास्तर, इंजिनीअर माझ्या वॉर्डात होते. पण त्यांना कुणी रस्त्यावर टाकलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. अंथरूण स्वच्छ होतं आणि वेळच्या वेळी कूस बदलली जात होती. आपल्याकडं एकट्या म्हाताऱ्या माणसाला, ज्याच्या "सोबत कोण" याचं उत्तर खरोखर "कुणी नाही" असं आहे, त्याला काय मिळतं ते तू नाईट ड्युटीला जनरल वॉर्डात बघितलंयस.

भाषेचं बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण आपण सीमाभागातली माणसं. तिथला प्रत्येक कागद जर्मनमध्ये. दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करा, कर, विमा, शाळा, सगळं. मी दोन वर्षांत शिकले, चिडले नाही. आपल्याकडची एक बाई मला म्हणाली होती, "तिकडं गुपचूप जर्मन शिकता, मग इथं कानडीला का नाही म्हणता?" मी विचार करून तिला सांगितलं तेच तुला सांगते. मी तिथं स्वतःहून गेलेली पाहुणी होते. इथं माझ्या आज्जीचं घर १९५६ च्या आधीपासून याच गल्लीत आहे, राज्याची रेघ नंतर आली. मी कानडी शिकले, वॉर्डात रोज बोलते, सगळ्यांनी शिकावी. पण खानापूर तालुक्यातल्या आजीबाईच्या हातात कानडी-इंग्रजी संमतिपत्र देऊन अंगठा घेतला जातो, आणि पोट कुठं कापणार हे तिला कुणी तिच्या बोलीत सांगत नाही, तेव्हा माझं रक्त उसळतं. जर्मनीत २०१३ च्या कायद्यानं डॉक्टरला पेशंटला समजेल असं तोंडी सांगावंच लागतं, सही त्यानंतर. तुर्की आजीला तिच्या भाषेत समजावायला आम्ही किचनमधल्या तुर्की मावशीला बोलावून आणत होतो. जगण्याचा दर्जा म्हणजे हेही आहे, की अंगावर सुरी चालण्याआधी तुला समजलं का. २०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकानं हरकत घेतली. दोन्ही सरकारं भांडली. त्या आजीला एक समजावणारं माणूस मिळालं असतं तरी खूप होतं.

तिथं सगळे प्रेमानं वागतात असंही नाही. एका पेशंटनं माझा हात झटकून "गोरी नर्स पाठवा" म्हटलेलं आहे. सीनियरनं त्याला तिथंच सांगितलं, आज हीच नर्स आहे. भाड्याच्या घरासाठी मी केलेल्या साठेक अर्जांपैकी बहुतेकांना उत्तरच आलं नाही, आडनाव वाचूनच ते बाजूला पडत असणार. आपल्याकडंही घर देताना आडनावच विचारतात, तेव्हा तो अनुभव मला ओळखीचा वाटला. स्थलांतराला विरोध करणारा एएफडी पक्ष फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला, हे माहीत असू दे. आणि याच्या जोडीला हेही, की रात्री साडेनऊला सेकंड शिफ्ट सुटल्यावर आठ वर्षं मी एकटी सायकलवरून घरी गेले. कुणाला आणायला बोलावलं नाही, पोचल्याचा फोन केला नाही. बाईमाणसाच्या आयुष्यात हे किती मोठं आहे ते मला परत आल्यावर जास्त कळलं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, अंधारात जायचं नि अंधारात यायचं, त्या दिवसांत मन फार खचतं. त्याची तयारी ठेव.

मी परत का आले, असं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. वडील त्या २०१९ च्या दुखण्यातून उठले, नंतर २०२३ मध्ये गेले. आईच्या सोबत कुणी पाहिजे होतं. तिथल्या पेन्शनला लागतात ती पाच वर्षं माझी भरलेली आहेत, भारत-जर्मनीमधला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळं सदुसष्टाव्या वर्षी थोडी पेन्शन मला इथं मिळेल. तू गेलीस तर किमान पाच वर्षं टाकूनच ये, अर्ध्यात सोडू नकोस.

मला विचारशील तर तू जावंस. तुझं वय आहे, मुलीचं वय आहे, आणि इथं तुला वीस-बावीस हजारांवर रात्र-रात्र उभं करतात ते मला बघवत नाही. पण सासूबाईंची सोय लागल्याशिवाय नाही. सोय म्हणजे पैसे पाठवणं नव्हे. नणंद किंवा दीर यांच्यापैकी कुणीतरी त्याच घरात राहायला येणं, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार त्याचं नाव आधी ठरणं. ते नाव मिळत नसेल तर दोन वर्षं थांब, मी वर लिहिलेलं मुलीच्या वयाचं नुकसान सोसून थांब.

कागदांचं काम मात्र आजच सुरू कर. तुझा जन्मदाखला कानडीत, शाळेचा दाखला मराठीत, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन इंग्रजीत. भाषांतरात तिन्हीकडं तुझ्या नावाचं आणि गावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का ते अक्षर न् अक्षर लावून बघ. एकावर बेलगाम, दुसऱ्यावर बेळगावी असेल, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव बदललं, ते तिथल्या कारकुनाला माहीत नसतं. त्यांना ती दोन गावं वाटतात आणि फाईल चार महिने अडते. कुठल्याही एजंटला पैसे देऊ नकोस. नर्सना नेणाऱ्या चांगल्या संस्थांना 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' ही सरकारमान्य मोहोर असते आणि त्यात खर्च मालकानं करायचा असतो, नर्सनं नाही. पत्रात "मुदतीआधी सोडल्यास परतफेड" असं कलम असेल तर ते मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

रविवारी चारच्या पुढं मी घरीच आहे. पत्र, तिन्ही दाखले आणि पासपोर्ट घेऊन ये. सासूबाईंना बरोबर आण, त्यांच्याशी मला निवांत बोलायचंय.